वाघाचा पैसा कुठवर पोचतो?

मोहर्लीच्या फाटकावर हिवाळ्यात उजाडायच्या आधीच जिप्स्यांची रांग लागते. चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवरचं, भद्रावती तालुक्यातलं हे गाव. प्रत्येक गाडीत जास्तीत जास्त सहा पर्यटक, पुढे चालक आणि त्याच्या शेजारी गाइड. खिडकीवर ओळखपत्रं तपासली जातात, आत मोबाइल वापरायचा नाही हे पुन्हा बजावलं जातं. पांघरुणं गुंडाळून बसलेली मंडळी अंधारात जंगलाकडे बघत ताटकळत असतात. मग एकेका गाडीला गाइड नेमून दिला जातो.

कोणत्या गाडीत कोण बसणार हे पर्यटकाच्या हाती नसतं आणि गाइडच्याही नसतं. नंबर लागलेला असतो. काल ज्याचा नंबर शेवटी होता तो आज पुढे सरकतो. ताडोबाच्या पर्यटनातला हा सर्वांत कमी बोलला जाणारा नियम आहे आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचाही. ही पाळी नसती तर इंग्रजी बोलणारे, छायाचित्रकारांना नावानिशी माहीत असलेले पाच-सहा गाइड वर्षभर कामात राहिले असते आणि बाकीचे फाटकाबाहेरच्या टपरीवर बसून राहिले असते. पाळीमुळे दहावी नापास पोरालाही तेवढ्याच फेऱ्या मिळतात. सांबराचा कॉल आणि चितळाचा कॉल यांतला फरक त्याला शाळेत कोणी शिकवलेला नसतो, तो त्याने गुरं राखताना उचललेला असतो. चितळ उगाचही ओरडतं. सांबर ओरडलं की गाडीतल्या सगळ्यांचे श्वास रोखले जातात.

शाश्वत पर्यटन हा शब्द आता शासकीय आराखड्यांत आणि हॉटेलांच्या माहितीपत्रकांत सारख्याच सढळपणे येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ हे वर्षच त्याला वाहिलं होतं. पण तो शब्द खरा ठरतो की नाही, याचा निकाल असल्या छोट्या नियमांवर लागतो. पाळी कोणाची, तिकिटातला वाटा कोणाचा, जमीन कोणाची, आणि वाघाने माणूस मारला त्या दिवशी गावात कोण येऊन उभं राहतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नांची उत्तरं गावागणिक बदलतात. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपुरात, पर्यटन रुजून बराच काळ झाला. पलीकडे, गडचिरोलीत, ते आता कुठे पाऊल टाकतं आहे.

उन्हाळा हीच सुगी

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं ते सर्वांत जुनं. ११६ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला १९८६ मध्ये घोषित झालेलं अंधारी अभयारण्य जोडलं गेलं आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा, आणि २०१० मध्ये त्याभोवती आखलेलं सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर. गाभ्यात जाणारी फाटकं मोजकी आहेत : मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी. बफरमधली अनेक, आणि त्यांत भर पडत गेली. आगरझरी, जुनोना, देवाडा, मदनापूर, अलिझंझा ही नावं पंधरा वर्षांपूर्वी चंद्रपूरबाहेर कोणाला माहीत नव्हती. आज पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांच्या तोंडी ती मोहर्लीइतकीच सरावाने येतात.

बाकी भारतात पर्यटक हिवाळा शोधतात. ताडोबात खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये होते. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पळस आणि सागाची पानं गळून जंगल आरपार दिसायला लागतं, नाले आटतात आणि वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो. ज्या उन्हात चंद्रपूरकर दुपारी दारं लावून घेतात, त्या उन्हात उघड्या जिप्सीत बसायला लोक महिनोन्‌महिने आधी ऑनलाइन नोंदणी करतात. नैसर्गिक पाणी पुरत नाही तिथे वनविभागाने सौरपंप बसवून पाणवठे भरते ठेवले आहेत. ते वन्यप्राण्यांसाठीच आहेत, पण वाघ कुठे दिसेल हेही त्यामुळे बरंचसं ठरून जातं आणि गाड्याही तिथेच साचतात.

१ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंद. बफरमधली काही फाटकं पावसाळ्यातही चालू राहतात, पण फेऱ्या रोडावतात. तेव्हा गाइड धानाच्या रोवणीला जातो. बांदीत चिखल तुडवणाऱ्या या माणसाने महिनाभरापूर्वीच एखाद्या परदेशी पाहुण्याला वाघिणीची वंशावळ समजावून दिलेली असते. चालकाचं गणित आणखी अवघड आहे. मारुतीने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी विकणं थांबवलं. कर्ज काढून घेतलेली जुनी गाडी पावसाळ्यात दारात उभी राहते, हप्ता उभा राहत नाही. कोविडच्या काळात फाटकं महिनोन्‌महिने बंद होती तेव्हा या गावांना कळलं की आपण किती थोड्या काळात एकाच प्राण्यावर पोट टाकून बसलो आहोत.

एका तिकिटाचे वाटे

पर्यटक जे पैसे भरतो त्यांत तीन हिस्से असतात : प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन. शेवटचे दोन थेट गावात जातात. हे पैसे रोखीने फिरतात. त्यांतून घराला स्लॅब पडतो, पोरगी चंद्रपूरला कॉलेजात जाते, मोहाच्या हंगामाची वाट न बघता किराणा भरला जातो.

प्रवेश शुल्काची वाट लांबची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं प्रतिष्ठान स्थापन करायला लावलं. पर्यटनाचं उत्पन्न सरकारी तिजोरीत विरून न जाता त्याच जंगलावर आणि त्याच गावांवर खर्च व्हावं, ही त्यामागची कल्पना. ताडोबाच्या बफरमध्ये ७९ गावं येतात. तिथल्या ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या या पैशांतून कामं सुचवतात. त्यांच्या जोडीला २०१५ पासून राज्य सरकारची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. गॅसजोडण्या, सौरकुंपणं, बायाबापड्यांचा सरपणासाठीचा फेरा कमी करणारी साधनं. गॅस आला की बाई पहाटे मोळीसाठी जंगलात जात नाही. सरपणाची एक फेरी टळली की धोक्याची एक वेळ टळते. या योजनेचं मोल असं मोजायला हवं.

शेजारच्या नेपाळने हाच वाटा कायद्यात आकड्याने बांधून टाकला आहे. चितवनसारख्या राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के हिस्सा भोवतालच्या बफरमधल्या लोकांच्या समित्यांकडे जातो. त्यामुळे तिथला गावकरी मागणीसाठी अर्ज करत नाही, हिशेब मागतो. आपल्याकडच्या समित्यांत अजून अर्जाचीच भाषा जास्त ऐकू येते. समितीचा सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो आणि बैठक कधी, कुठल्या विषयावर, हे बहुतेक वेळा त्याच्याकडून ठरतं.

तरी जिथे गावाच्या हाती काही चालवायला दिलं गेलं तिथे फरक दिसतो. आगरझरीत फुलपाखरांचं उद्यान आहे, इरई धरणाच्या पाण्यात नौकाविहार आहे. तिथे तिकीट फाडणारा, नाव हाकणारा, माहिती देणारा माणूस आसपासच्याच गावांतला. इथे वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट धरून कोणी येत नाही, त्यामुळे वाघ न दिसल्याचा रागही नाही. काही फाटकांवर महिला गाइड दिसू लागल्या आणि महिलांना जिप्सी चालवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. घरच्या सासऱ्यासमोर मान वर न करणारी सून जंगलात सहा परक्या माणसांना गप्प बसायला सांगते. हा बदल कोणत्याही अहवालातल्या रोजगाराच्या आकड्यात मावणारा नाही.

पण फाटकाच्या आजूबाजूच्या रस्त्यावरून फेरफटका मारला की दुसरी बाजूही समोर येते. कोलारा, मोहर्ली, जुनोना या पट्ट्यात शेतांच्या जागी रिसॉर्टं उभी राहिली. भांडवल नागपूरचं, मुंबईचं, हैदराबादचं. गावातल्या माणसाला तिथे माळीकाम, साफसफाई, पहारा मिळतो. व्यवस्थापक बाहेरचा. शेत विकल्यावर जो पैसा येतो तो एकदाच येतो. त्यातून ट्रॅक्टर, लग्न, मोटारसायकल होते आणि पाच वर्षांनी त्याच शेताच्या फाटकावर मालक वर्दी घालून उभा असतो. उन्हाळ्यात गावच्या विहिरीचा तळ दिसतो तेव्हा भिंतीपलीकडे बोअरवेलच्या पाण्याने पोहण्याचा तलाव भरलेला असतो. शाश्वत हा शब्द त्या भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला असला तरी भूजलाला तो वाचता येत नाही.

कोकणातल्या वेळास गावात २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, जेवतात, पैसा घरच्या बाईच्या हातात पडतो. ताडोबात निवासाची घरगुती सोय नाही असं नाही, पण रिसॉर्टांच्या तुलनेत ती नगण्य राहिली. त्याचं एक कारण साधं आहे. मातीच्या घरात पाहुणा ठेवायला लागणारं थोडं भांडवल आणि थोडी खात्री गावाला मिळण्याआधीच मोठ्या पैशाने रस्त्याकडेची जागा घेतली.

मोहाच्या झाडाखाली

पर्यटकाला ताडोबाचा वाघ जिप्सीतून दिसतो. गावकऱ्याला तो वाकलेला असताना भेटतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं पहाटे गळतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर चितळ आणि अस्वल ती संपवतात. बाया चार वाजताच निघतात, झाडाखाली ओणव्या होऊन वेचत राहतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पानं खुडायला खाली वाकावं लागतं, झुडपांत शिरावं लागतं. ७० पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून संध्याकाळी खरेदीच्या फळीवर मोजून द्यायचे. चार पायांवर चालणाऱ्या सावजाची सवय असलेल्या वाघाला वाकलेलं माणूस तसंच दिसतं. वाघाची जागं राहण्याची वेळ आणि मोह-तेंदूची वेळ एकच, वाघाची जागाही तीच. संघर्ष हा शब्द यासाठी फार मोठा आणि फार अस्पष्ट आहे. प्रत्यक्षात घडतं ते असं : पोटासाठी एक बाई एका ठरावीक वेळी एका ठरावीक ठिकाणी वाकते.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. त्या महिन्यात जिल्ह्यात असे आणखीही मृत्यू झाले. चंद्रपूर जिल्ह्यात गेली अनेक वर्षं हा आकडा दरवर्षी दोन अंकी राहिला आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल या तालुक्यांचा मोठा भाग ताडोबाच्या बाहेर आहे. तिथे फाटक नाही, जिप्सी नाही, गाइडची पाळी नाही. वाघ मात्र आहे.

या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वास्तव इथे आहे. वाघ सगळीकडे फिरतो आणि त्याचा पैसा फाटकापाशी थांबतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते, २०१८ मध्ये ३१२. या वाढीचा मोठा भाग चंद्रपूर जिल्ह्यातला आणि त्यातले कितीतरी वाघ संरक्षित क्षेत्राबाहेरचे. गाभ्यातली जागा भरली की तरुण वाघ बाहेर पडतो आणि ब्रह्मपुरीच्या धानाच्या शेतांत, नाल्यांच्या झाडोऱ्यात आपला इलाखा धरतो. जागलीला गेलेल्या शेतकऱ्याला मचाणावरून त्याचा आवाज येतो. रानडुकरांपासून धान राखायला रात्र काढावी लागते आणि रात्र काढली तर जीव धोक्यात. ताडोबातल्या सफारीच्या उत्पन्नातून या शेतकऱ्याला काहीही मिळत नाही.

मृत्यूनंतर मिळते ती मदत. राज्य सरकारने ती टप्प्याटप्प्याने वाढवत २५ लाख रुपयांवर नेली. त्यातला काही भाग लगेच, उरलेला मुदत ठेवीत. रक्कम वाढली हे योग्यच झालं. पण गावात संताप उसळतो तो रकमेवरून क्वचितच. वनरक्षक उशिरा आला, पिंजरा उशिरा लागला, वाघ गावाजवळ आहे हे ठाऊक असूनही सांगितलं नाही, यावरून तो उसळतो. ताडोबाच्या बफरमध्ये सीतारामपेठसारख्या गावाभोवती कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवून वाघ जवळ येताच इशारा देण्याचा प्रयोग झाला. असे कॅमेरे सिंदेवाहीच्या तेंदू जंगलात हवे आहेत. तिथे त्यांचं भाडं भरायला पर्यटक येत नाही, नेमकं म्हणूनच.

वनखात्याची माणसंही या हिशेबात धरायला हवीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिसरात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. ज्या वाघिणीवर संशय होता ती माया, देशभरच्या छायाचित्रकारांची लाडकी. २०२३ च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली, पुढे जंगलात सापडलेल्या अवशेषांवरून ती मेल्याचं डीएनए तपासणीने स्पष्ट झालं आणि समाजमाध्यमांवर हळहळीचा पूर आला. तिच्यासाठी हळहळणं चूक नव्हतं. त्या पुरात वनरक्षकाची आठवण कितीजणांना झाली, हा प्रश्न मात्र पर्यटनाच्या संस्कृतीला विचारायलाच हवा.

गाड्यांची कोंडी

पर्यावरणाच्या बाजूने पाहिलं तर जिप्सीचा धूर ही तुलनेने किरकोळ गोष्ट आहे. खरी अडचण गाड्यांच्या घोळक्याची. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांसह : गाभ्याचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला खुला ठेवायचा नाही. गाभ्यातल्या गाड्यांवर मर्यादा आली तशी मागणी बफरकडे वळली. फाटकं वाढली, रात्रीच्या सफारीही सुरू झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या पर्यटनाला मनाई केली.

नियम असले तरी वाघ रस्त्यावर आला की काय होतं हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी अडवली. चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. कारवाई आवश्यक होती. पण गाडी पुढे घे, अजून पुढे घे, असं मागून सांगणाऱ्यांचाही त्यात वाटा असतो. गाइडला मानधनावर बक्षिशी मिळते ती वाघ दिसला तर. बक्षिशीची ही रीत बदलली तर अर्धी कोंडी सुटेल, असं या भागातल्या अनुभवी माणसांशी बोलताना वारंवार जाणवतं.

कोळशाच्या काठावर

एवढं सगळं असूनही चंद्रपुरात पर्यटनाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण इथे दुसरा पर्याय जंगल शांतपणे राहू देण्याचा कधीच नव्हता. इथला दुसरा पर्याय कोळसा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मोजणीत चंद्रपूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांपैकी पहिल्या पाचांत होतं. शहराला खेटून महाऔष्णिक वीज केंद्र, त्याच्यासाठी बांधलेलं इरई धरण, आणि धरणाच्या पाण्यापलीकडे ताडोबा. वीज केंद्राच्या झुडपी आवारात वाघ-बिबटे वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच परिसरात एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात आणि एका किशोरवयीन मुलाचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

त्याच्या बरंच आधी, २००९ मध्ये ताडोबाच्या दक्षिणेला लोहारा भागात कोळसा खाणीचा प्रस्ताव होता. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, चंद्रपूरकर रस्त्यावर आले आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. त्या वेळी जंगलाच्या बाजूने उभं राहणाऱ्यांच्या हाती एक ठोस मुद्दा होता : या जंगलावर माणसं जगतात. गाइड, चालक, हॉटेलात काम करणारे. जंगल उभं ठेवण्यात ज्याचं पोट आहे असा वर्ग तयार होणं, हा पर्यटनाचा पर्यावरणावर झालेला सर्वांत मोठा उपकार म्हणावा लागेल.

तो अपुरा आहे, हे मात्र रेल्वेरुळावर कळतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लारशा-गोंदिया मार्गावर चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. वाघांच्या भ्रमणमार्गांवरून जाणाऱ्या रुळांना आणि रस्त्यांना पर्यटनाचा पैसा रोखू शकत नाही.

ताडोबाच्या गाभ्यातली गावं उठली ती कहाणी वेगळ्या लेखाची आहे. बोटेझरी २००७ मध्ये बाहेर आलं, पुढे नवेगाव-रामदेगी, जामणी आणि इतर. त्यांच्या रिकाम्या शेतांची आज कुरणं झाली आहेत आणि तिथे वाघ हमखास दिसतो. त्या कुरणावर गाडी थांबते तेव्हा इथे कोणाचं गाव होतं, हे गाइडने सांगावं, एवढी तरी अपेक्षा रास्त आहे.

वैनगंगेपलीकडे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. सुमारे ७० टक्के भूभागावर जंगल. इथे पर्यटक बराच काळ फक्त दोन निमित्तांनी येत आले. एक म्हणजे वैनगंगेकाठचं मार्कंडा, महाशिवरात्रीची जत्रा. दुसरं हेमलकसा. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना आणि शाळा उभी केली. तिथे जाणारे लोक सहलीला म्हणून निघतात आणि बऱ्याचदा वेगळ्या मनाने परततात.

बाकी जे आहे ते विखुरलेलं आहे. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या वाटेवर जुन्या सागवानाचा एक तुकडा राखून ठेवलेला आहे, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरला. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. याच तालुक्यातल्या खडकांत बारापासॉरस या अजस्र डायनासोरची हाडं सापडली. अहेरी तालुक्यात कमलापूरला राज्यातला एकमेव हत्तीकॅम्प. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम, आणि पावसाळ्यात त्याच पर्लकोटेच्या पुराने तुटणारं गाव.

माओवादी हिंसेच्या दशकांमध्ये या जागा नकाशावरच राहिल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. दुर्गम गावांत पहिल्यांदाच एसटी पोचू लागली आहे. त्याच वेळी एटापल्लीच्या सुरजागड टेकड्यांवर लोहखनिजाचे ट्रक अखंड धावत आहेत. हाच डोंगर परिसरातल्या आदिवासींच्या ठाकूरदेवाचा. म्हणजे चंद्रपुरात पन्नास वर्षांपूर्वी जो पेच पडला तोच इथे आता पडतो आहे, आणि पर्यटनाकडे खाणीला उत्तर म्हणून पाहण्याचा मोह होणं स्वाभाविक आहे.

गडचिरोलीकडे एक गोष्ट आहे जी ताडोबाच्या बफरकडे नव्हती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने आधी काही दशकं अभ्यासगट चालवले होते, निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायची सवय लावली होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर ते फक्त वनखात्याकडे असायचं. आज जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करतात. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर वेगळंच केलं. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या साथीने हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि वणवे लागतात. एका हंगामाचा पैसा गावाने आपणहून सोडला.

नामिबियाने १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना वन्यजीवांवरचे हक्क दिले आणि तिथल्या गावांनी हॉटेलवाल्यांशी स्वतः करार केले : इतक्या खोल्या, इतक्या नोकऱ्या, उत्पन्नातला इतका हिस्सा. पाचगावसारखा नियम स्वतःवर लादू शकणाऱ्या ग्रामसभेला असा करार जमणार नाही असं मानायला काहीच आधार नाही.

झाडीपट्टीची रात्र

पर्यटनाचा एक प्रकार इथे आधीपासून आहे, फक्त त्याला कोणी पर्यटन म्हणत नाही. धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकं होतात. वडसा हे त्यांचं केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथेच. गावात दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत किंवा मंडईची जत्रा, रात्री नाटक, पहाटेपर्यंत. एका गावात नाटक असलं की आसपासच्या गावांतून लेकी-जावई, सोयरे येतात, घराघरांत पाहुणचार होतो, चहाच्या, भज्यांच्या, खेळण्यांच्या दुकानांची रांग लागते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची ओळख झाली.

या अर्थव्यवस्थेत भांडवल गावचं, तिकीट गावचं, पाहुणा गावच्या घरात. तिची काळजी घेण्यासाठी वेगळा आराखडा लागणार नाही, पण एक गोष्ट लागेल. वडसा वनविभागात सीटी-१ नावाच्या वाघाने तीन जिल्ह्यांत १३ जणांचा बळी घेतल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जेरबंद झाला. त्या हंगामात रात्री नाटकाला पायी किंवा सायकलने निघताना किती घरांत वाद झाले असतील! ताडोबाच्या फाटकावर पर्यटकाच्या सुरक्षेसाठी जेवढा खर्च होतो, त्याचा थोडा भाग नाटकाच्या रात्री रस्त्यावर गस्त घालण्यासाठी मिळाला, तर वाघाचा पैसा पहिल्यांदाच फाटकाबाहेर पोचेल.

गाव ठाम उभं राहिलं तर काय होतं, याची एक छोटी चुणूक कमलापूरने २०२२ मध्ये दाखवली आहे. ताडोबातले आणि गडचिरोलीतल्याच पातानीलचे हत्ती गुजरातमधल्या जामनगरला हलवले गेले तेव्हा कमलापूरच्या हत्तींबद्दलही बोलणं सुरू झालं. गावकऱ्यांनी विरोध केला, जिल्हाभर पाठिंबा मिळाला, हत्ती राहिले. त्यांच्याभोवती येणाऱ्या पाहुण्यांवर तिथली छोटी दुकानं चालतात.

ताडोबाच्या बफरमध्ये हॉटेलं आधी आली, नियम मागून आले. भामरागड, एटापल्ली, अहेरीत मोठी रिसॉर्टं अजून नाहीत. त्या गावांकडे वनहक्काचे दाखले आहेत, आणि वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने आपलं जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. गडचिरोलीच्या पर्यटनाचे आराखडे यापुढे जिल्हाधिकारी कार्यालयात आणि मंत्रालयात तयार होतील तेव्हा पहिल्या बैठकीचं निमंत्रण ग्रामसभांना जातं की हॉटेल व्यावसायिकांना, फाटकावरची पावतीपुस्तकं कोणाच्या नावाने छापली जातात, आणि ज्या गावांत फाटक होणार नाही पण वाघ आणि छत्तीसगडमधून २०२१ मध्ये आलेले रानटी हत्ती येत राहणार, त्या गावांचा वाटा पहिल्याच मसुद्यात लिहिला जातो का, याकडे पुढच्या दोन-तीन वर्षांत लक्ष ठेवावं लागेल.